नगराचे नाव आणि निवाड्याचा अधिकार

युरोपचा इंग्रजी नकाशा आणि जर्मन नकाशा शेजारी-शेजारी ठेवून पाहणारा मराठी वाचक हमखास बुचकळ्यात पडतो. एका नकाशात 'म्यूनिक' म्हणून असलेले नगर दुसऱ्यात 'म्यून्शेन' होते, 'कलोन'चे 'क्योल्न' होते आणि 'न्यूरेंबर्ग'चे 'न्यूर्नबेर्ग'. हॅम्बुर्ग, बर्लिन, स्टुटगार्ट ही नावे मात्र दोन्हीकडे एकाच अक्षरांत लिहिली जातात. मग इंग्रजीत लिहिताना कोणते रूप शुद्ध मानायचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे सर्वत्र ऐकू येतात. इंग्रजी ही इंग्रजांची भाषा, तेव्हा तिच्यात जे चालते तेच शुद्ध, असे पहिला पक्ष सांगतो. दुसऱ्या पक्षाच्या मते नगर ज्यांचे, नावही त्यांचेच. म्हणून 'म्यूनिक' म्हणणे हा त्या नगराचा अवमान आहे. पहिल्या उत्तरात आळस आहे, तर दुसऱ्यात भाबडा अभिमान. प्रश्न केवळ वर्णलेखनाचा असता, तर शब्दकोश उघडून तो मिटला असता. वस्तुत: हा प्रश्न अधिकाराचा आहे. एखाद्या नगराला काय म्हणावे, याचा निवाडा कोणी करावयाचा? जर्मन नगरांच्या नावांचा इतिहास याचे जे उत्तर देतो, ते या दोन्ही पक्षांपेक्षा अधिक समंजस आहे.

एक नगर, दोन तह

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून 1748 सालचा 'एक्स-ला-शापेलचा तह' अनेकांनी वाचला असेल. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाची अखेर या तहाने झाली आणि 1746 मध्ये फ्रेंचांनी जिंकून घेतलेले मद्रास इंग्रजांना परत मिळाले. भारताच्या भवितव्याशी असा संबंध आलेले हे नगर आज नकाशावर त्या नावाने शोधू जाल तर सापडणार नाही. कारण ते फ्रेंच नाव आहे. नगर जर्मनीच्या पश्चिम सीमेवरचे, सम्राट शार्लमेनच्या राजसभेचे. त्याचे जर्मन नाव आखेन. अठराव्या शतकात युरोपच्या राजनैतिक व्यवहाराची भाषा फ्रेंच होती, म्हणून इंग्रजांनी नाव उचलले ते फ्रेंचांकडून.

त्यानंतर 22 जानेवारी 2019 रोजी याच नगरात जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमान्युएल माक्राँ यांनी मैत्रीच्या नव्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. इंग्रजीत तो 'आखेनचा करार' म्हणूनच नोंदला गेला. नगर तेच, भाषा तीच, पण 1748 चा तह एका नावाने आणि 2019 चा करार दुसऱ्या नावाने. हा बदल कोणत्याही सरकारने इंग्रजांना फर्मान काढून करावयास लावलेला नाही. फ्रेंच भाषेचे वर्चस्व ओसरले, जर्मनीशी थेट व्यवहार वाढला आणि उसने नाव आपोआप गळून पडले. रेगेन्सबुर्गचे 'रॅटिस्बन' आणि गुटेनबेर्गच्या माइन्त्स नगराचे 'मेयान्स' हीदेखील अशीच इतिहासजमा झालेली रूपे होत. गणिती गाऊस यांचे जन्मस्थान असलेल्या ब्राउनश्वाइगचे 'ब्रन्सविक' हे रूपही त्याच वाटेने चालले आहे.

म्हणजेच इंग्रजीतील रूप ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मग म्यूनिक, कलोन, न्यूरेंबर्ग ही नावे का टिकली? ती इंग्रजीत खोलवर रुजली म्हणून. 1938 च्या सप्टेंबरअखेरीस ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हिटलरसमोर नमते घेऊन चेकोस्लोव्हाकियाचा लचका त्याच्या हवाली केला, तो म्यूनिक येथे. तेव्हापासून इंग्रजी राजकीय लेखनात 'म्यूनिक' हा एकटा शब्द आक्रमकापुढे घातलेल्या लोटांगणाचा पर्याय झाला आहे. न्यूरेंबर्ग हे नाव 1945-46 च्या युद्धगुन्हेगारांवरील अभियोगामुळे आंतरराष्ट्रीय विधिशास्त्राचा भाग बनले. अशा शब्दांत आता नगराबरोबर इतिहासही वास करतो. ते शब्द पुसावयाचे म्हणजे तो इतिहासही इंग्रजी वाचकाला अनोळखी करून टाकावयाचा.

अपभ्रंश कोणता, मूळ कोणते?

परकीय रूप म्हणजे भ्रष्ट रूप, ही समजूत तर मुळातच तपासून घेण्यासारखी आहे. म्यूनिकचेच उदाहरण घ्यावे. 1158 साली सम्राट फ्रीडरिश बार्बारोसा याच्या निवाडापत्रात या नगराचा पहिला लेखी उल्लेख येतो. तेथे नाव आहे 'म्युनिखेन', म्हणजे भिक्षूंचे ठिकाण. पुढे जर्मन उच्चार बदलत जाऊन त्याचे म्यून्शेन झाले. इंग्रजीतील 'म्यूनिक' हे रूप त्या जुन्या लेखातील अक्षरांना अधिक जवळचे आहे! ज्याला अपभ्रंश म्हणून नाके मुरडली जातात, त्यानेच जुने रूप जतन करून ठेवले, असे येथे घडले आहे. याच नावाचा 'म्युनिच' असा उच्चार मराठीत अनेकदा ऐकू येतो. तो मात्र ना इंग्रजी, ना जर्मन.

कलोनची कथा आणखी उद्बोधक आहे. इसवी सन 50 मध्ये रोमन सम्राट क्लॉडियस याने आपली पत्नी ॲग्रिपिना हिच्या या जन्मस्थानाला रोमन वसाहतीचा दर्जा दिला. वसाहतीला लॅटिनमध्ये 'कोलोनिया' म्हणतात. त्या एका शब्दाचे जर्मन मुखात क्योल्न झाले, फ्रेंच मुखात कलोन झाले आणि इंग्रजांनी फ्रेंच रूप घेतले. दोन्ही रूपे एकाच आईची लेकरे. त्यात एकाला औरस आणि दुसऱ्याला अनौरस कसे ठरवावे? खुद्द नगरवासीयांनीही आपल्या नावाचे लेखन बदललेले आहे. प्रशियाच्या अमलात काही काळ ते 'सी' या अक्षराने लिहिण्याचा आग्रह होता. 1919 साली महापौर कोनराड आडेनाउअर यांच्या कारकीर्दीत 'के' हे अक्षर पुन्हा अधिकृत झाले. हेच आडेनाउअर पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले.

मराठी घरांना तर हे नगर फार जुन्या ओळखीचे आहे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर आजी ज्या 'युडीकोलन'च्या पट्ट्या ठेवीत असे, ते युडीकोलन म्हणजे 'कलोनचे पाणी'. इटलीहून येऊन या नगरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे सुगंधी द्रव्य सिद्ध केले आणि आश्रय देणाऱ्या नगराचे नाव त्याला दिले, तेही फ्रेंच भाषेत. जर्मन नगर, इटालियन कारागीर, फ्रेंच नाव, इंग्रजी व्यापार आणि मराठी आजी! नावे अशीच प्रवास करतात. त्या प्रवासाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

इंग्रजीत एकाच 'एन'ने लिहिले जाणारे हॅनोव्हर तर इंग्रजांच्या घरातलेच नाव. 1714 मध्ये तेथील अधिपती जॉर्ज इंग्लंडच्या सिंहासनावर बसला आणि 1837 पर्यंत दोन्ही राज्यांचा राजा एकच होता. ब्रिटिश राजघराण्यालाच 'हॅनोव्हर घराणे' म्हटले जाई. असे नाव इंग्रजांनी आपल्या वळणाने लिहिले, तर त्यात नवल काय?

दोन टिंबांचे मोल

याचा अर्थ इंग्रजीत काहीही लिहिले तरी चालते, असा मात्र नव्हे. जर्मन लिपीत काही स्वरांवर दोन टिंबे असतात. ती शोभेसाठी नसतात, ती असली की स्वरच बदलतो. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांतील वेलांटी बदलली तर दिवसाचा दरिद्री होतो, तसेच येथे घडते. ऱ्हाइन नदीकाठच्या ड्युसेलडॉर्फ या नगराचे नाव ड्युसेल या उपनदीवरून पडले आहे. 'डॉर्फ' म्हणजे गाव. इंग्रजी लेखनात 'यू'वरील टिंबे सर्रास गाळली जातात. परंतु टिंबांविना उरणारा 'डुसेल' हा शब्द जर्मन भाषेत बावळटासाठी वापरला जातो. नदीकाठच्या गावाचे असे बावळटांचे गाव होते, ते केवळ दोन टिंबांच्या आळसामुळे.

यावरचा उपाय जर्मनांनीच सांगून ठेवला आहे. टिंबे उमटविण्याची सोय नसेल, तर त्या स्वरापुढे 'ई' हे अक्षर लिहावे. जर्मन पारपत्राच्या यंत्रवाचनीय ओळीत हीच पद्धत आहे, म्यून्शेन नगराच्या अधिकृत संकेतस्थळाच्या पत्त्यातही हीच. क्योल्न लिहावयाचे असेल, तर 'ओ'वर टिंबे द्यावीत किंवा 'ओ'पुढे 'ई' लिहावा. नुसत्या 'ओ'ने लिहिलेले रूप ना धड जर्मन असते, ना धड इंग्रजी. ज्याला जर्मन रूपाचा आग्रह आहे, त्याने ते पूर्ण लिहावे; ज्याला ते जमत नाही, त्याने रुळलेले इंग्रजी रूप सुखाने वापरावे. अर्ध्या आदरापेक्षा प्रामाणिक परकेपणा बरा.

मुंबई आणि म्यूनिक

येथे एक आक्षेप साहजिकच पुढे येईल. 1995 साली महाराष्ट्र शासनाने 'बॉम्बे' हे नाव हटवून इंग्रजीतही 'मुंबई' रूढ केले. जगानेही ते स्वीकारले. मग जो न्याय मुंबईला, तोच म्यून्शेनला का नको?

आक्षेप रास्त आहे, परंतु दोन्ही प्रकरणांतील भेद मूलभूत आहे. म्यून्शेनच्या नगरभवनावर, रेल्वे स्थानकावर किंवा न्यायालयावर इंग्रजांनी कधी 'म्यूनिक' लिहिले नव्हते. तेथील नागरिकाला स्वत:च्या नगराचे नाव परक्या रूपात कधी लिहावे लागले नाही. 'म्यूनिक' हे इंग्रजांनी त्यांच्या घरात, त्यांच्या सोयीसाठी वापरलेले नाव आहे. मुंबईची गोष्ट निराळी. येथे इंग्रजी ही राज्यकर्त्यांनी नगराच्या कारभाराची भाषा केली होती. मराठी माणूस घरात 'मुंबई' म्हणे, पण इंग्रजी अर्जावर त्याला 'बॉम्बे' लिहावे लागे. शिवाय स्वातंत्र्यानंतर इंग्रजी ही भारताच्या राज्यकारभारातील एक भाषा राहिली; म्हणून आपल्या नगराचे त्या भाषेतील रूप ठरविण्याचा अधिकारही भारतीयांचाच होता आणि तो त्यांनी बजावला.

जर्मनांनीही असाच अधिकार बजावला आहे, केवळ त्यांचा निर्णय वेगळा आला आहे. म्यून्शेनचे नगरशासन स्वत: इंग्रजीत लिहिते तेव्हा 'म्यूनिक' असेच लिहिते, तेथील विमानतळही इंग्रजीत हेच नाव मिरवितो. घरच्या धन्यालाच ज्यात अपमान वाटत नाही, त्यात पाहुण्याने अपमान शोधण्याचे प्रयोजन काय? जर्मन माणूस तरी दुसरे काय करतो? इटलीतील मिलानोला तो 'माइलांट' म्हणतो, व्हेनेत्सियाला 'व्हेनेडिश' आणि पोलंडच्या राजधानीला 'वारशाउ'. त्याच्या देशाचे स्वत:चे नाव 'डॉइचलांड'. इंग्रज त्याला 'जर्मनी' म्हणतात, फ्रेंच 'आलमान्य', पोलिश 'न्येम्त्सी', तर फिनलंडचे लोक 'साक्सा'. या विविधतेने त्या राष्ट्राच्या सन्मानाला तसूभरही उणेपणा आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1972 सालच्या लंडन येथील भौगोलिक नामविषयक परिषदेनेही अशी परकीय रूपे आंतरराष्ट्रीय व्यवहारात कमी करत न्यावीत, एवढीच शिफारस केली. ती निषिद्ध ठरविली नाहीत.

केम्नित्सचा कौल

नावासाठी झगडण्याची वेळ जर्मनांवर आलीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. ती आली होती. पण परक्या भाषेमुळे नव्हे, तर स्वत:च्याच देशातील सत्तेमुळे. सॅक्सनी प्रांतातील केम्नित्स हे यंत्रोद्योगाचे जुने नगर. 10 मे 1953 रोजी पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीने त्याचे नाव बदलून 'कार्ल-मार्क्स-श्टाट', म्हणजे 'कार्ल मार्क्स नगर', असे केले. मार्क्सचा जन्म शेकडो किलोमीटर दूर ट्रिअरचा. केम्नित्समध्ये त्याने कधी वास्तव्य केले नव्हते. नागरिकांना कोणी विचारलेही नाही. 1971 साली नगराच्या मध्यभागी मार्क्सच्या मस्तकाचे सात मीटरहून उंच शिल्प उभे राहिले. जन्मदाखल्यांवर, पत्त्यांवर, रेल्वेच्या फलकांवर सदतीस वर्षे तेच नाव राहिले. हिमनर्तनात 1984 आणि 1988 ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारी कातारिना व्हिट याच कार्ल-मार्क्स-श्टाटच्या क्रीडासंस्थेची खेळाडू होती.

बर्लिनची भिंत पडली आणि 1990 च्या एप्रिल महिन्यात नागरिकांसमोर प्रथमच प्रश्न ठेवण्यात आला: नगराचे नाव काय असावे? 76 टक्के मतदारांनी केम्नित्सच्या बाजूने कौल दिला. 1 जून 1990 पासून जुने नाव परत आले आणि इंग्रजीसह जगातील सर्व भाषांनी ते विनातक्रार स्वीकारले. तेच नगर 2025 साली युरोपच्या सांस्कृतिक राजधान्यांपैकी एक म्हणून मिरवले. मार्क्सचे मस्तक अजूनही तेथेच उभे आहे. नागरिकांनी शिल्प राहू दिले, नाव मात्र आपले परत घेतले.

आणखी एक बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. 'केम्नित्स' हा शब्द मूळचा जर्मन नाही. तेथून वाहणाऱ्या नदीच्या स्लाव्ह भाषेतील नावावरून तो आला असून त्याचा अर्थ 'खडकाळ ओढा' असा आहे. लाइपझिग, ड्रेस्डेन आणि राजधानी बर्लिन ही नावेही स्लाव्ह मुळाचीच. तरीही केम्नित्सच्या नागरिकांनी शुद्ध जर्मन अशा 'श्टाट' शब्दाने संपणारे नाव टाकले आणि स्लाव्ह मुळाचे नाव जवळ केले. कारण पहिले वरून लादलेले होते, तर दुसरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी रुळलेले. नाव आपले ठरते ते व्युत्पत्तीने नव्हे, वहिवाटीने आणि संमतीने.

व्यवहारातील विवेक

या साऱ्याचा व्यावहारिक निष्कर्ष अवघड नाही. मराठी घरांतील कितीतरी मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी जर्मनीची वाट धरतात. 2022-23 च्या सुमारास जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेली. अर्ज भरताना त्यांच्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. तेथे पहिला नियम असा की, संस्थेने स्वत:चे जे इंग्रजी नाव ठरविले आहे, ते अक्षरश: पाळावे. म्यूनिकचे तंत्रविद्यापीठ इंग्रजीत स्वत:ला 'म्यूनिक'चे म्हणवते, कलोनचे विद्यापीठ 'कलोन'चे. लाइबनित्सच्या नावाने चालणारे हॅनोव्हरचे विद्यापीठ मात्र इंग्रजीतही नगराचे नाव जर्मन पद्धतीने दोन 'एन'नी लिहिते. तेथील सुप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शनही तसेच. 2006 आणि 2015 या वर्षी भारत त्या प्रदर्शनाचा भागीदार देश होता. अशा ठिकाणी शब्दकोश दाखवून संस्थेचे नाव 'सुधारणे' हा शहाणपणा नव्हे.

दुसरा नियम सर्वसाधारण इंग्रजी लेखनाचा. जेथे इंग्रजी रूप जिवंत आहे तेथे ते वापरावे. जेथे इंग्रजीनेच ते टाकून दिले आहे, तेथे जर्मन रूप संपूर्ण आणि शुद्ध लिहावे. एकाच लेखात वरच्या परिच्छेदात म्यून्शेन आणि खालच्या परिच्छेदात म्यूनिक असा घोळ नको. तिसरा नियम कालाचे भान ठेवण्याचा. तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट 1724 मध्ये जन्मला तो क्योनिग्सबेर्ग येथे. ते नगर दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाकडे गेले आणि 1946 मध्ये कालिनिनग्राड झाले. कान्टला कालिनिनग्राडचा रहिवासी म्हणणे हा कालविपर्यास आणि आजच्या कालिनिनग्राडला क्योनिग्सबेर्ग म्हणत राहणे हा वास्तवाचा विसर. चौथा नियम संदिग्धता टाळण्याचा. जर्मनीत फ्रांकफुर्ट दोन आहेत, एक माइन नदीवरचे महानगर आणि दुसरे पोलंडच्या सीमेवर ओडर नदीकाठचे. दुसऱ्याचा उल्लेख नदीच्या नावाविना करू नये.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. मराठी भाषेला जर्मन नगरांकडे इंग्रजीच्याच खिडकीतून पाहण्याचे बंधन नाही. देवनागरीत 'आखेन' किंवा 'ब्राउनश्वाइग' थेट आणि सुबकपणे लिहिता येते. कलोन, म्यूनिक ही रुळलेली रूपे ठेवावयाची की क्योल्न, म्यून्शेन स्वीकारावयाची, याचा निर्णय मराठी लेखक-संपादकांनी मराठीच्या सोयीने करावा, इंग्रजी वृत्तसंस्थेच्या तारेवरून नव्हे. जो अधिकार इंग्रजीला तिच्या घरात आहे, तोच मराठीला तिच्या घरात आहे.

नगराच्या नावाचा आदर म्हणजे परक्या उच्चाराची घोकंपट्टी नव्हे. तेथील नागरिकांनी स्वत:ला काय म्हणवून घ्यावयाचे ठरविले आहे, हे आधी विचारणे आणि मिळालेल्या उत्तराला मान देणे, हाच तो आदर होय. म्यून्शेनच्या नागरिकांनी इंग्रजांना 'म्यूनिक' म्हणण्याची मोकळीक दिली आहे, ती आनंदाने घ्यावी. केम्नित्सच्या नागरिकांनी लादलेले नाव मतपेटीतून परतवून लावले, तो कौल शिरोधार्य मानावा. दोन्ही ठिकाणी अंतिम शब्द नगरवासीयांचाच आहे.